न दचकवता घाबरवणारे इंडी हॉरर गेम : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जंपस्केअर, म्हणजे अचानक काहीतरी समोर आणून दचकवणं, नसलेला हॉरर म्हणजे नक्की काय? दचकवतच नसेल तर भीती कशी वाटणार?

मराठीत दचकणं वेगळं आणि धास्ती घेणं वेगळं, माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. कानाशी अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, त्यात आपलं काही चालत नाही, आवाज झाल्यापासून साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटते आणि काय झालं ते डोक्याला नंतर कळतं. धीट माणूस पण दचकतो आणि तान्हं बाळ पण दचकतं. ते जितक्या पटकन येतं तितक्याच पटकन जातं, आणि चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत शरीराला सवय पण होते. धास्तीचं तसं नाही. धास्ती म्हणजे अजून काहीच झालेलं नाहीये पण पुढच्या खोलीत जायला पाय उचलत नाहीये. ती आपली आपणच तयार करतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, इथे ते शब्दशः खरं आहे. मी ज्या इंडी, म्हणजे एकट्याने किंवा छोट्या स्वतंत्र टीमने बनवलेल्या, गेमबद्दल सांगणार आहे ते असेच चालतात, थोडंसं दाखवतात, बरंचसं लपवतात आणि उरलेलं तुमच्या मनावर सोडून देतात.

म्हणजे जंपस्केअर वाईटच असतात का?

नाही. २०१४ चा फाईव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज घ्या, स्कॉट कॉथनने एकट्याने बनवलेला, शेवटी किंचाळणारं तोंडच येतं समोर, पण त्याआधी कॅमेरे बघत बघत वीज संपायची वाट पाहणं आहे ना, ती वेळ फार नीट बांधलेली आहे. वैताग येतो तो बाकी काहीच न बांधता दर पाच मिनिटांनी कपाटातून काहीतरी बाहेर फेकणाऱ्या गेमचा. तिथे तुम्ही घाबरत नाही, नुसते कान सांभाळत बसता.

इंडीच का? मोठ्या कंपन्यांना हे जमत नाही का?

जमतं, पण त्यांच्या गेमला लाखो लोकांना आवडावं लागतं, त्यामुळे खेळणाऱ्याला फार वेळ अंधारात चाचपडत ठेवायला, कंटाळू द्यायला, गोंधळात सोडायला त्या कचरतात. दोन-तीन जणांच्या टीमला ती धास्ती नसते. सिग्नालिस (२०२२) रोझ-इंजिन नावाच्या जर्मनीतल्या फक्त दोन माणसांच्या टीमने बनवलाय. डार्कवुड पोलंडच्या तिघांनी, ॲसिड विझार्ड स्टुडिओ नाव त्यांचं, २०१७ मध्ये पूर्ण रिलीज झाला. मुंडाउन (२०२१) मिशेल झीगलर या स्विस माणसाचा, त्याने भिंती, दगड, चेहरे सगळं कागदावर पेन्सिलने काढलं, स्कॅन केलं आणि मग थ्रीडी मॉडेलवर चढवलं, आणि पात्रं बोलतात रोमान्श भाषेत, जी स्वित्झर्लंडच्या डोंगरात थोडेच लोक बोलतात. कुठल्या मोठ्या मीटिंगमध्ये हे पास झालं असतं असं मला वाटत नाही. आणि खेळताना ते जाणवतं, एका माणसाच्या हाताचा स्पर्श सगळीकडे आहे, आल्प्समधला बर्फ पण पेन्सिलच्या रेघांचा आहे आणि त्यामुळे ते गाव स्वप्नात बघितल्यासारखं वाटतं.

वातावरण म्हणजे अंधार, धुकं आणि गूढ म्युझिक, एवढंच ना?

हा प्रश्न खूप येतो आणि याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय, कारण अंधार आणि धुकं असलेले कंटाळवाणे गेम ढिगाने आहेत. माझं मत असं की वातावरण दिसण्यात कमी आणि तुमच्या हाताला दिलेल्या कामात जास्त असतं. गेम तुम्हाला एक साधं काम देतो आणि ते करताना जी माहिती हवी असते नेमकी तीच काढून घेतो.

आयर्न लंग बघा. डेव्हिड झिमान्स्कीचा, २०२२ चा, साधारण तासाभरात संपतो. तुम्ही एका गंजक्या, छोट्याशा पाणबुडीत आहात, बाहेर रक्ताचा समुद्र आहे, दार बाहेरून वेल्ड केलंय आणि समोरची खिडकी झाकलेली आहे. म्हणजे बाहेरचं काहीच दिसत नाही. तुमच्याकडे एक नकाशा आहे, एक्स, वाय आणि कोन दाखवणारे आकडे आहेत, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळायची बटणं आहेत, आणि आसपास भिंत जवळ आली की पिकपिक करणारा सेन्सर आहे. बस. नकाशावर ज्या जागा मार्क केल्यात तिथे जायचं, आणि मग पॅनल सोडून मागे चालत जाऊन कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, मग एक धुरकट काळा-पांढरा फोटो स्क्रीनवर येतो. खडक असतो. पुढच्या ठिकाणी जा, परत बटण, परत खडक. कधी हाडांसारखं काहीतरी. आता गंमत अशी की पाणबुडी चालवायची जागा आणि फोटो बघायची जागा यांच्यात चार पावलं आहेत, आणि फोटो बघायला तुम्हाला कंट्रोलकडे पाठ करावी लागते. त्या चार पावलांत सेन्सर वाजला. तुम्ही काहीच हलवलेलं नाहीये, पाणबुडी थांबलेली आहे, मग जवळ आलं ते काय? तिथे माझ्या पोटात गोळा आला होता आणि स्क्रीनवर तेव्हा फक्त एक गंजकी भिंत होती.

दुसरं उदाहरण ॲम्नेशिया द डार्क डिसेंट, फ्रिक्शनल गेम्स या स्वीडिश स्टुडिओचा २०१० चा. त्यात दार एका बटणावर उघडत नाही. माउसचं बटण दाबून धरायचं आणि हात मागे-पुढे ओढून दार स्वतः उघडायचं, म्हणजे तुम्ही बोटभर फट करून आत डोकावू शकता, आणि घाबरून दार लावायला गेलात तर हात थरथरून ते उलट्या बाजूला ढकललं जातं. शस्त्र नाहीच. अंधारात उभं राहिलं तर पात्राचं भान सुटत जातं, आणि राक्षसाकडे बघितलं तरी सुटतं, म्हणजे जे बघायची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याकडेच बघता येत नाही. कंदिलाचं तेल मोजकं. त्या गेममधली पाणी भरलेली तळघरं ज्यांनी खेळलीत त्यांना ती आयुष्यभर आठवतात: पाण्यात जे आहे ते अदृश्य आहे, नुसते छपछप उठणारे शिंतोडे दिसतात आणि तुम्ही एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारताय. राक्षसाचं चित्रच काढलं नाही त्यांनी तिथे आणि तरीही तो सगळ्यांत भयंकर वाटतो.

आवाजाबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आणि आवाजाला दिशा असते पण आकार नसतो, वरच्या मजल्यावर काहीतरी सरकलं एवढंच कळतं, काय सरकलं ते आपण ठरवतो.

डार्कवुडमध्ये तुम्ही वरून, छतावरून बघितल्यासारखं बघता, वाटतं की यात काय भीती, सगळंच तर दिसतंय. पण पात्राची नजर जिकडे आहे तेवढ्याच त्रिकोणात जिवंत गोष्टी दिसतात, पाठीमागे काय आहे ते फक्त ऐकू येतं. दिवसा जंगलात हिंडून लाकूड, खिळे, पेट्रोल गोळा करायचं आणि रात्री घरात स्वतःला कोंडून घ्यायचं, खिडक्यांना फळ्या, दाराला कपाट लावून. मी पहिल्या रात्री सगळं नीट केलं, जनरेटर चालू, कोपऱ्यात उभी राहिले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग शेजारच्या खोलीतल्या लाकडी जमिनीवर कुणीतरी चालल्याचा आवाज आला. सावकाश. मी त्या खोलीचं दार लावलं होतं का हे मला आठवेना. बघायला जायचं तर कोपरा सोडावा लागणार, नाही जायचं तर ऐकत बसावं लागणार, आणि मी सकाळ होईपर्यंत नुसती ऐकत उभी राहिले, काहीही आत आलं नाही. गेम म्हणून बघितलं तर त्या रात्री काहीच घडलं नाही. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

इनसाइड (२०१६) चे साउंड डिझायनर मार्टिन स्टिग अँडरसन यांनी तर आवाज एका खऱ्या मानवी कवटीतून वाजवून परत रेकॉर्ड केले, आपल्याला आपला आवाज हाडांतून जसा ऐकू येतो तसा पोत यावा म्हणून. खेळताना हे कुणी सांगत नाही, पण सगळं डोक्याच्या आतून आल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

हे गेम मुद्दाम जुन्या प्लेस्टेशनसारखे का दिसतात? पैसे नसतात म्हणून?

थोडं तेही आहे, कमी पॉलिगॉन (ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी थ्रीडी वस्तू बनते ते) म्हणजे कमी काम. पण खरं कारण वेगळं आहे. पहिल्या प्लेस्टेशनला टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र, जवळ-लांबच्या अंतराप्रमाणे नीट बसवता यायचं नाही आणि कोपऱ्यांची जागा तो पूर्णांकात मोजायचा, म्हणून कॅमेरा हलला की भिंती वितळल्यासारख्या वाकायच्या आणि कडा थरथरायच्या. तेव्हा ती मर्यादा होती, आता लोक ती मुद्दाम कोड लिहून आणतात, कारण थरथरणारी भिंत बघताना मनाला सतत वाटत राहतं की ही जागा धड नाहीये. शिवाय चेहरा आठ-दहा ठिपक्यांचा असेल तर त्यावरचे भाव तुम्हीच भरता. माउथवॉशिंग (२०२४) मध्ये हे इतकं छान वापरलंय, मोडक्या मालवाहू यानातली पाच माणसं, आणि त्यातल्या बँडेज गुंडाळलेल्या कॅप्टनचा एक उघडा डोळा, बास, त्या डोळ्याकडे बघवत नाही.

पेन्सिल, वनबिट (फक्त दोन रंगांतली चित्रं), पिक्सल सगळ्याचं गणित हेच. वर्ल्ड ऑफ हॉरर तर एमएस पेंटमध्ये काढलेला आहे.

मला जंपस्केअर अजिबात सहन होत नाहीत. सुरुवात कुठून करू?

युमे निक्की. २००४ चा, किकियामा या टोपणनावाने एका जपानी व्यक्तीने आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला, फुकट आहे. एक मुलगी खोलीतून बाहेर पडत नाही, फक्त झोपते आणि स्वप्नात फिरते. कुणी काही सांगत नाही, हरणं नाही, जिंकणं जवळपास नाही. त्यात एका खोलीतला दिवा बंद केला तर ६४ मधून एकदा काहीतरी वेगळंच होतं, आणि ज्यांना ते कुणी न सांगता सापडलं असेल त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

मग मुंडाउन, मग सिग्नालिस. सिग्नालिसमध्ये बंदुका आहेत, पण एका वेळी सहाच वस्तू जवळ ठेवता येतात, त्यामुळे दर दाराशी उभं राहून ठरवावं लागतं की चावी घेऊ की गोळ्या, आणि भीतीपेक्षा एक खोल उदासी जास्त आहे. आयर्न लंग मला अतिशय आवडतो पण पहिला म्हणून देणार नाही, कारण अगदी शेवटी त्यात एक धक्का आहे. एकच आहे, पण आहे, आणि तो लपवून तुम्हाला खेळायला सांगणं बरोबर नाही.

गेममध्ये किती दचके आहेत हे आधी कळायचा काही मार्ग?

डझ द डॉग डाय नावाची साइट आहे, तिथे लोक जंपस्केअर आहेत का, अमुक प्रकारची हिंसा आहे का असं नोंदवून ठेवतात, फिल्मबरोबर गेमचंही असतं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात रिव्ह्यूमध्ये 'जंपस्केअर' हा शब्द शोधा, आणि टॅगपैकी 'सायकॉलॉजिकल हॉरर' वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो आजकाल सगळ्यांनाच लागतो. ट्रेलर मात्र बरंच सांगून जातो. ट्रेलर जर आवाज बंद, काळी स्क्रीन आणि मग किंकाळी असा असेल तर गेम पण तसाच असण्याची शक्यता जास्त.

राक्षस मागे लागला की माझे हातपाय गळतात. सेफ मोडमध्ये खेळलं तर ती चीटिंग का?

मुळीच नाही. सोमा (२०१५), तोही फ्रिक्शनलचाच, समुद्राच्या तळाशी असलेल्या स्टेशनवर घडतो आणि त्याची खरी भीती राक्षसांत नाहीच, 'मी' म्हणजे कोण आणि माझी कॉपी केली तर त्यातला मी कुठला, या प्रश्नात आहे. लोकांनाच ते जाणवलं आणि कुणीतरी राक्षस हल्ला करणार नाहीत असा मॉड (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला बदल) बनवला, आणि मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्टुडिओने स्वतःच सेफ मोड दिला. त्यात राक्षस असतात, जवळ येतात, बघतात, पण मारत नाहीत. मला विचाराल तर ते जास्त अस्वस्थ करतं, कारण पळायचं कारण उरत नाही आणि थांबून त्यांच्याकडे नीट बघावं लागतं, ते कोण होते हे कळायला लागतं. क्रो कंट्री (२०२४) मध्ये पण शत्रूंचा त्रास नसलेला एक्सप्लोरेशन मोड आहे.

पहिल्यांदा खूप घाबरले होते पण दोन-तीनदा मेल्यावर भीती गेली आणि नुसती चिडचिड झाली. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये, हे या प्रकाराचं सगळ्यात अवघड दुखणं आहे. राक्षसाने पकडलं, स्क्रीन काळी झाली, परत तिथेच उभे राहिलात, की मनाला कळतं की पकडल्यावर काय होतं, आणि जे होतं ते फार काही नाही. माहीत नसणं संपलं. मग तो राक्षस म्हणजे एका ठरलेल्या रस्त्याने फिरणारी वस्तू होते आणि तुम्ही तिची पावलं मोजायला लागता. चांगले डिझायनर हे टाळायला नाना गोष्टी करतात, कुणी मेल्यावर जागा थोडी बदलतो, कुणी पकडणारं फार कमी वेळा आणतो, कुणी मरणच काढून टाकतो. डार्कवुडच्या नेहमीच्या डिफिकल्टीत मेल्यावर खेळ संपत नाही पण जवळच्या काही वस्तू मेल्या जागी पडतात आणि दिवस पुढे गेलेला असतो, म्हणजे चूक पुसली जात नाही. तुम्ही अडकला असाल तर सरळ डिफिकल्टी कमी करा नाहीतर कसं जायचं ते वाचून घ्या, तीच खोली दहाव्यांदा खेळून भीती परत येणार नाही.

हे तर नुसतं चालत फिरणं आहे, यात गेम कुठे आहे?

किटी हॉररशोचा ॲनाटॉमी (२०१६) खेळा आणि मग सांगा. अंधारं रिकामं घर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर, आणि घरात कुठेतरी पडलेली कॅसेट. ती आणायची, लावायची, एक बाई शांतपणे घराची आणि शरीराची तुलना करत असते, कुठली खोली म्हणजे कुठला अवयव, आणि मग दुसरी कॅसेट कुठे आहे ते कळतं. परत जा, परत या. मागे कुणी लागत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याच जिन्यावर चढताना तुम्ही कडेकडेने चढताय हे तुमच्या लक्षात येईल. चालणं हेच काम आहे तिथे, आणि चालायचं तुम्हाला आहे, कुणी नेत नाहीये, म्हणून तर ते फिल्ममध्ये जमत नाही.

यूट्यूबवर कुणाला तरी खेळताना बघितलं तर चालेल का?

गोष्ट कळेल, धास्ती नाही कळणार. पुढचं दार दुसरंच कुणीतरी उघडतंय आणि वर बोलतंय पण, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात. अर्थात कुणाला तब्येतीमुळे किंवा भीतीमुळे स्वतः खेळणं जमत नसेल तर जरूर बघा, फक्त कमी बोलणारा माणूस निवडा.

खेळायला बसताना काय काळजी घ्यावी?

हेडफोन लावा, हे पहिलं. सुरुवातीला ब्राइटनेस सेट करायची स्क्रीन येते, अमुक चिन्ह जेमतेम दिसेल इतकं ठेवा, ते खरंच तसंच ठेवा. सगळं दिसावं म्हणून वाढवलं तर गेम राखाडी होतो आणि मजा जाते, पण फार कमी केलं तर नुसतं आपटत फिराल, ती भीती नव्हे. फोन दुसऱ्या खोलीत. एका बैठकीत तास-दीड तास, त्याहून जास्त खेळलं की मन बधिर होतं. चक्कर किंवा मळमळ होत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हेड बॉब (चालताना कॅमेरा हलणं) आणि मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद करा आणि फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) वाढवा, बऱ्याच जणांना एवढ्याने फरक पडतो.

माझा लॅपटॉप जुना आहे.

काही अडचण नाही, यातले अर्धे गेम साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालतात. सोमा आणि मुंडाउनला मात्र बरं ग्राफिक्स कार्ड हवं.

एक-दोन तासांच्या गेमला पैसे का द्यायचे?

कारण धास्ती ताणली की तुटते, आणि ज्याला कुठे थांबायचं कळलं त्याचे पैसे कमी करणं मला पटत नाही. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. नियम चांगला आहे, पण छोट्या गेमसाठी तो फार महागात पडतो. २०२१ मध्ये एमिका गेम्स या छोट्या डेव्हलपरने समर ऑफ ५८ नंतर गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण गेम दोन तासांच्या आत संपायचा आणि रिव्ह्यू चांगले असूनही खूप लोक पैसे परत घेत होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, गेम चालला नाही, आवडला नाही, खुशाल परत करा, पण शेवटपर्यंत खेळून, आवडून परत करू नका.

आणि ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांच्यासाठी डार्कवुडवाल्यांनी काय केलं ते सांगते. त्यांनी स्वतःच आपला पूर्ण गेम द पायरेट बे या पायरसीसाठी प्रसिद्ध साइटवर टॉरेंट म्हणून फुकट टाकला, संशयास्पद साइटवरून गेम चालू करायचा कोड विकत घेऊ नका, त्यापेक्षा हा घ्या, आणि आवडला तर पुढे कधीतरी विकत घ्या म्हणून. असे लोक आहेत या क्षेत्रात. कायदेशीर फुकट गेम हवे असतील तर इच डॉट आयओ या इंडी गेमच्या साइटवर भरपूर आहेत, आणि माउथवॉशिंगच्याच टीमचा हाउ फिश इज मेड फुकट आहे, अर्ध्या तासाचा.

भुतंखेतं, राक्षस काहीच नसलेला हॉरर असतो का?

भुतं असली तरी खरी भीती माणसांचीच असते असा असतो, आणि माझ्यासाठी तो सगळ्यात वरचा. तैवानच्या रेड कँडल गेम्सचा डिटेन्शन (२०१७) १९६० च्या दशकातल्या एका शाळेत घडतो, व्हाइट टेरर नावाच्या सरकारी दडपशाहीच्या काळात, जेव्हा बंदी असलेली पुस्तकं वाचली म्हणून माणसं गायब व्हायची. त्यात भुतं आहेत, त्यांच्या शेजारून श्वास रोखून जावं लागतं, पण गेम संपल्यावर भूत आठवत नाही, कुणी कुणाचं नाव सांगितलं ते आठवतं. त्यांचाच डिव्होशन (२०१९) एका कुटुंबाच्या फ्लॅटबद्दल आहे, त्याच खोल्या वेगवेगळ्या वर्षांत, आणि वडिलांची श्रद्धा हळूहळू काय होत जाते ते. हा गेम आला आणि थोड्याच दिवसांत, भिंतीवरच्या एका कागदात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टिंगल असल्याचं लोकांना सापडलं म्हणून उठलेल्या वादात, स्टीमवरून काढावा लागला, २०२१ मध्ये स्टुडिओने तो आपल्याच साइटवर परत विकायला ठेवला. मधली दोन वर्षं एक इतकी सुंदर गोष्ट सरळ मार्गाने विकत घेताच येत नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

माउथवॉशिंगमध्येही भीती माणसांचीच आहे, चूक करून ती कबूल न करणाऱ्या माणसाची. इथे सावध करते, त्यात आत्महत्या, लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आणि जखमी शरीराची दृश्यं आहेत.

खेळल्यावर रात्रभर झोप लागत नाही, काय करू?

दिवसा खेळा. खरंच. उजेडात खेळलं तर कमीपणा नाही. झोपायच्या आधी दोन तास बंद करा, आणि शेवट अर्ध्या खोलीत करू नका, सेव्ह करायच्या सुरक्षित जागी पोचून मग उठा, नाहीतर मन रात्रभर तिथेच उभं राहतं. ज्यांना पॅनिक ॲटॅक येतात किंवा अलीकडेच घरात काही दुःखद घडलंय त्यांनी हा प्रकार काही दिवस बाजूला ठेवलेला बरा, गेम कुठे पळून जात नाहीत.

मला असा गेम बनवायचाय. कोडिंग येत नाही.

बिट्सी नावाचं गेम बनवायचं छोटं टूल ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे आणि कोडिंग लागत नाही. गोडो हे त्याहून मोठं टूल पण फुकट आहे आणि थोडं शिकावं लागतं. टूलपेक्षा जास्त महत्त्वाचं सांगते: एक खोली, एक दार, एक काम. राक्षस काढूच नका पहिल्या गेममध्ये. आवाज स्वतः रेकॉर्ड करा, फोनवर केले तरी चालतील, फ्रिजची घरघर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन अर्ध्या वेगाने वाजवून बघा. मग गेम कुणाला तरी खेळायला द्या आणि मागे गप्प बसून फक्त त्यांचा हात बघा. चेहरा नाही, हात. दाराशी आल्यावर माउस थांबला तर काम झालं. थांबला नाही तर म्युझिक वाढवू नका, दाराआधीची वाट लांबवा.

बाकी सगळं राहू दे, एकच गेम सांगा.

ॲनाटॉमी. एका संध्याकाळी होतो. मध्येच गेम आपोआप बंद होईल, तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाहीये, परत चालू करा.